तपकिरीच्या डबीचे झाकण

गेल्या ऑक्टोबरपासून माझ्या टेबलावर, चष्म्याच्या घराशेजारी, पत्र्याचा एक छोटा शंकू पडून आहे. करंगळीच्या दोन पेरांएवढा लांब, वर जेमतेम दोरा जाईल इतका अरुंद आणि खाली सनईच्या तोंडासारखा उघडा. कॅनडातल्या थंडर बे या शहरात एका ओजिब्वे आजींनी तो माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा तो नव्या वाटीसारखा लखलखत होता; डहाणूच्या खाऱ्या हवेने त्याला काही महिन्यांतच तांबूस करून टाकले. मुलगी फोनवर म्हणते, "आई, त्याला नेलपॉलिशचा एक हात दे, गंज थांबेल." मी अजून दिलेला नाही. ज्या वस्तूचे कामच कोणाच्या तरी अंगावर वाजण्याचे आहे ती टेबलावर चकचकीत ठेवून काय मिळणार, असे मला वाटत राहते, आणि हे वाटणे कुठून आले ते एकदा नीट लिहून काढायचे बरेच दिवस मनात होते.

मी तीस वर्षे चित्रकला शिकवली. आमच्या शाळेच्या पश्चिमेला सुरूची झाडे आणि समुद्र, मध्ये चिकूच्या वाड्या, आणि रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेला गेले की वारल्यांचे पाडे सुरू होतात. मी निवृत्त झाले त्याच वर्षी यजमान गेले. मुलगी तेव्हा थंडर बेमध्ये नोकरीला होती. घराला कुलूप लावून चार महिने माझ्याकडे ये, असे तिने इतक्यांदा सांगितले की शेवटी मी गेले. ते शहर लेक सुपीरियर या सरोवराच्या काठावर आहे. सरोवर म्हणायचे आणि पलीकडचा काठ दिसायचा नाही. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. पहिल्या संध्याकाळी मी काठावर उभी राहिले तर लाटा होत्या, बंदर होते, बोटी होत्या, पण वास नव्हता. सुकटीचा नाही, चिखलाचा नाही, मिठाचा नाही. माझ्यासारख्या किनाऱ्यावर जन्म काढलेल्या बाईला तो समुद्र अळणी आमटीसारखा लागला.

या सरोवराच्या आणि त्याच्या शेजारच्या मोठ्या सरोवरांच्या भोवती, अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांत, ओजिब्वे लोक राहतात. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. मधली सीमारेषा त्यांना न विचारता आखली गेली, त्यामुळे एकाच बोलीचे आणि एकाच कुळाचे लोक दोन सरकारांच्या कागदांवर दोन प्रकारे नोंदले गेले. त्यांच्या कलेविषयी मला जाण्यापूर्वी काहीही माहीत नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चित्रकलेच्या पदविकेत आम्हाला युरोपचा इतिहास होता, अजिंठा होते, मोगल आणि राजस्थानी शैली होत्या. उत्तर अमेरिकेचे मूळचे लोक त्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हते.

शंकूची गोष्ट आधी सांगते, कारण बाकीचे सगळे मला तिच्यामुळे समजले.

१९१८ साली जगभर जी इन्फ्लुएंझाची साथ आली, मुंबई बंदरात उतरून जी देशभर गेली आणि जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत, ती ओजिब्वे वस्त्यांतही पोचली. त्या काळात एका माणसाची मुलगी मरणाला टेकली. मिनेसोटातल्या मिल लॅक्सचे लोक ही गोष्ट आपल्या गावची म्हणून सांगतात, ऑन्टारिओतल्या व्हाइटफिश बेचे लोक आपल्या गावची म्हणून, आणि दोन्हीकडचे तपशील वेगळे आहेत; पण गाभा एकच. बापाला स्वप्न पडले. स्वप्नात एक पोशाख दिसला, त्यावर धातूचे शंकू ओळींनी शिवलेले होते, आणि तो घालून करायचा नाच दिसला. त्याने तसा पोशाख करवून मुलीला घातला. तिला आधी उभेही राहवत नव्हते. ती हळूहळू पावले टाकू लागली आणि शेवटी स्वतःच्या पायांनी नाचली. शंकूंसाठी त्या काळी हाताशी असलेला पत्रा वापरला गेला, आणि त्यात सर्वांत सोयीचे होते ते तपकिरीच्या डब्यांचे झाकण. पातळ, गोल, हाताने वळवता येण्याजोगे. माझे आजोबा तपकीर ओढत आणि त्यांच्या रिकाम्या डब्यांत आजी सुया आणि बटणे ठेवायची. त्या डबीच्या झाकणाला असा उपयोग असू शकतो, हे आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहावी लागते. अमेरिकी सरकारने १८८३ मध्ये नियम करून आदिवासींचे धार्मिक नाच आणि विधी हा गुन्हा ठरवला होता, आणि १९२१ मध्ये, म्हणजे हा नवा नाच वस्त्या-वस्त्यांतून पसरत असतानाच, नाचांना आळा घाला असे परिपत्रक अधिकाऱ्यांना पुन्हा धाडले गेले. कॅनडाचे कायदेही त्याच वळणाचे होते. तिथली विधींवरची बंदी १९५१ मध्ये उठली. म्हणजे या बायकांनी तो पोशाख शिवला तो एखादी जुनी परंपरा टिकवावी म्हणून नव्हे. परंपरा म्हणावी असे त्यात तेव्हा काहीच नव्हते. पोशाख नवा, पत्रा दुकानातला, नाच कालच्या स्वप्नातला. समोर पोर मरत होते आणि काहीतरी करणे भाग होते. ते मनाईच्या काळात केले, पुन्हा केले, शेजारच्या गावाला शिकवले, आणि शंभर वर्षांनी २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा याच नाचातल्या मुली आपापल्या अंगणात शंकूंचे पोशाख घालून आजाऱ्यांसाठी नाचल्या आणि त्यांनी त्या चित्रफिती एकमेकींना पाठवल्या.

मी तो नाच थंडर बेला लागून असलेल्या फोर्ट विल्यम वस्तीच्या पॉववॉवमध्ये पाहिला. हा मेळावा अनेमकी वाजिव नावाच्या, म्हणजे मेघगर्जनेच्या, डोंगरावर भरतो. मध्ये ढोलाभोवती गायक बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती गोल फिरतात. तारपा या वारल्यांच्या फुंकवाद्याभोवतीचा आपला नाच आठवल्याशिवाय मला राहवले नाही, पण ते मी तिथे कोणाला समजावून सांगण्याच्या भानगडीत पडले नाही. शंकूंच्या पोशाखातल्या बायका उड्या मारत नाहीत. पाय जमिनीशी ठेवून त्या बारीक, सरळ पावलांनी सरकतात आणि सगळा आवाज पोशाखातून येतो. आमच्या बंदरावर तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, पाटी फरशीवर ओतली की जसा आवाज होतो तसा, पण तालात. त्या बायकांत ऐंशीच्या घरातल्या एक होत्या आणि सहा-सात वर्षांची एक होती. एका फेरीपूर्वी निवेदकाने सांगितले की हा नाच आजाऱ्यांसाठी आहे, आता सर्वांनी उभे राहावे, आणि फोन खिशात ठेवावेत, फोटो नको. सगळ्यांनी ठेवले. माझ्या शेजारच्या बाईने पर्समधून एक फोटो काढून हातात धरला. तरुण मुलाचा होता. ती काही बोलली नाही, मीही विचारले नाही. माझ्या मनात कोण होते ते वेगळे सांगायला नको.

त्यानंतर मुलीने मला एका सभागृहात आठवड्यातून एकदा भरणाऱ्या मणीकामाच्या बैठकीत नेऊन बसवले. तिथे मला शंकू देणाऱ्या आजी भेटल्या. मणीकाम म्हणजे कापडावर बारीक काचमणी शिवून फुले, पाने, वेली भरण्याचे काम. दोन सुया लागतात: एका दोऱ्यात मणी ओवून तो रेषेवर ठेवायचा आणि दुसऱ्या सुईने दर दोन-तीन मण्यांनंतर तो दोरा कापडाला टाचत जायचा. सांगायला सोपे आहे. मला पहिल्या बैठकीत एक देठ झाला आणि तोही वाकडा. हे काचमणी मुळात व्हेनिस आणि बोहेमियातले, फरच्या व्यापाऱ्यांनी आणलेले. त्याआधी साळिंदराचे काटे रंगवून, मऊ करून भरतकाम होत असे. परक्याने आणलेल्या मण्याला ओजिब्वे भाषेने मात्र आपले नाव दिले, मनिदूमिनेन्स. मनिदू म्हणजे आत्मा, दैवी शक्ती. मिन म्हणजे बोर, बी, दाणा. शेवटचा तुकडा लहानपणाचा. आत्म्याचा इवलासा दाणा. त्यांचा पाण्यात उगवणारा तांदूळ मनूमिन, त्यांची स्ट्रॉबेरी ओदेइमिन, म्हणजे हृदयाचे बोर, आणि त्याच कुटुंबात दुकानातून विकत आणलेला काचेचा मणी. व्यापाऱ्याच्या पेटीतून आलेली वस्तू एखादी भाषा आपल्या शेतात अशी पेरून घेते तेव्हा ती भाषा मेलेली नाही, एवढे तरी मला कळते.

आजींचा एक नियम होता: रागात असाल तर सुई खाली ठेवा, कारण घालणाऱ्याच्या अंगाला तो राग लागतो. मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण माझी आजी पापडाच्या पिठाबाबत हेच म्हणायची. दुसरी गोष्ट पटायला मात्र वेळ लागला. मणीकाम करणाऱ्या पुष्कळ बायका नक्षीत एक मणी मुद्दाम चुकीच्या रंगाचा शिवतात, परिपूर्ण फक्त निर्माता आहे, आपण नाही, याची आठवण म्हणून. तीस वर्षे लाल पेन्सिल हातात घेऊन चुका हुडकलेल्या माझ्या डोळ्याला तो मणी प्रत्येक नक्षीत सर्वांत आधी दिसायचा आणि बोट शिवशिवायचे.

त्या टेबलाभोवती हळूहळू काय बोलले जाई ते मी इथे लिहिणार नाही, ते माझे नाही. इतके सांगते की हात गुंतलेले असले आणि नजर मण्यावर असली की माणसे ज्या गोष्टी समोरासमोर कधी बोलणार नाहीत त्या बोलतात. त्यांतल्या बहुतेक गोष्टी निवासी शाळांपाशी येऊन थांबत. कॅनडात या शाळांतून दीड लाखांहून अधिक मुले घातली गेली. घरापासून तोडून, केस कापून, भाषा बोलली तर शिक्षा करून. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली, म्हणजे माझी मुलगी बालवाडीत जात होती तेव्हा. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये आपला अहवाल पूर्ण केला आणि त्यात ९४ मागण्या मांडल्या. आपल्या आश्रमशाळांविषयी माझ्या पुष्कळ तक्रारी आहेत, पण मी त्यांची या शाळांशी बरोबरी करणार नाही. तिथे मुलाला त्याच्या माणसांपासून तोडणे हा दोष नव्हता, उद्देश होता.

नॉर्व्हल मॉरिसो अशाच एका शाळेत सहाव्या वर्षी घातला गेला, आणि ती शाळा याच शहरात होती. ओजिब्वे चित्रकलेचे नाव घेतले की पहिले नाव त्याचे येते. त्याचे बालपण आजोबांच्या हाताखाली गेले होते. आजोबा जुन्या विद्येचे जाणकार, आजी कॅथलिक. आजोबांनी त्याला भूर्जासारख्या बर्च झाडाच्या सालीवर कोरलेल्या आकृत्या कशा वाचायच्या आणि त्यांच्यामागच्या कथा काय आहेत हे सांगितले होते. मिदेविविन या त्यांच्या वैद्यक-धर्मपंथात ही सालीची गुंडाळी म्हणजे ग्रंथच. शाळेतून तो परतला आणि एकोणीस वर्षांचा असताना इतका आजारी पडला की आशा सुटली. तेव्हा एका वैद्य स्त्रीने विधी करून त्याला नवे नाव दिले, मिस्क्वाबिक अनिमिकी, म्हणजे तांब्याचा, मेघगर्जना करणारा पक्षी. जड नाव असते, ते पेलायला ताकद येते, अशी समजूत. तो वाचला, आणि पुढे आपल्या चित्रांवर त्याने हेच नाव क्री या दुसऱ्या आदिवासी समाजाच्या भाषेच्या अक्षरलिपीत लिहिले. ही लिपी त्याला त्याच्या क्री बायकोने शिकवली होती.

थंडर बेच्या कलादालनात त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. मी तिथे चार वेळा गेले. जाड काळी रेषा, आत सपाट, झगझगीत रंग, आणि प्राण्याच्या पोटात त्याची आतडी, बीज, कधी दुसरा प्राणी दिसतो, जणू कातडी काचेची आहे. एका आकृतीपासून दुसरीपर्यंत काळ्या रेषा जातात. माणसातून माशात, माशातून पक्ष्यात. चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी पहिल्यांदा रंगसंगतीच पाहिली. तिसऱ्या वेळेला लक्षात आले की त्या रेषा आकृत्या वेगळ्या करण्यासाठी काढलेल्याच नाहीत. त्या नाळ आहेत.

१९६२ मध्ये टोरांटोच्या पोलॉक गॅलरीत त्याचे पहिले प्रदर्शन लागले आणि सगळी चित्रे पहिल्याच दिवशी विकली गेली. शहराने डोक्यावर घेतले, पण घरच्या काही जाणत्यांना राग आला. जे दीक्षा घेतलेल्यांनीच पाहायचे ते याने भिंतीवर टांगले आणि विकले, असा तो राग होता. मला हा वाद फार मोलाचा वाटतो आणि कलेच्या लेखांत त्याला एका वाक्यात उरकतात याचे वाईट वाटते. जाणत्यांचे चुकले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या समाजाचे विधी कायद्याने बंद केले गेले, ज्यांच्या वस्तू उचलून संग्रहालयांत नेल्या गेल्या, त्याने उरलेले तरी झाकून ठेवावे हे स्वाभाविक आहे. मॉरिसोचे म्हणणेही खोटे नव्हते. ऐकणारी मुले शाळांनी नेली असताना झाकून ठेवलेले कोणाच्या हाती द्यायचे होते? त्याच्या रेषेवरून पुढची पिढी शिकली. १९७३ मध्ये डॅफ्नी ओजिग, जॅक्सन बियर्डी, कार्ल रे यांच्यासह सात आदिवासी चित्रकारांचा जो संघ उभा राहिला त्यात तो होता, आणि २००६ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनाने त्याचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तोपर्यंत तिथे फर्स्ट नेशन्समधल्या, म्हणजे इन्युइट आणि मेटी सोडून इतर आदिवासी समाजांतल्या, कोणत्याही कलावंताचे असे प्रदर्शन झाले नव्हते. पुढच्याच वर्षी तो वारला.

कलेने त्याला बरे केले, असे मात्र सरळ लिहिता येत नाही. तो वर्षानुवर्षे दारूत बुडालेला होता, व्हँकुव्हरच्या रस्त्यांवर राहिला, आणि त्याच्या नावावर इतकी खोटी चित्रे रंगवून विकली गेली की २०२३ मध्ये ऑन्टारिओच्या पोलिसांनी आठ जणांना अटक केली आणि हजाराहून अधिक चित्रे जप्त केली. ज्या चित्रांनी इतरांना उभे राहायला बळ दिले ती काढणारा हात स्वतः थरथरतच राहिला. औषध देणाऱ्याला ते औषध लागू पडेलच असे नाही.

याच दालनात नव्हे, पण एका पुस्तकात मी रिबेका बेलमोर या अनिशिनाबे कलावतीचे २००७ मधले काम पाहिले आणि पान उलटायला विसरले. ते एक मोठे छायाचित्र आहे, माँट्रियलमध्ये जाहिरातीच्या फलकावर लावलेले. एक स्त्री पाठ आपल्याकडे करून आडवी पडली आहे. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपी, शिवलेली जखम आहे आणि टाक्यांपासून रक्ताचे ओघळ लोंबत आहेत. नीट पाहिले की ते रक्त नसते, दोऱ्यात ओवलेले लाल मणी असतात. मी तोवर आठ बैठका मणीकाम केले होते, त्यामुळे मला प्रथम दिसली ती मजुरी: एवढे ओवायला कोणाला तरी किती रात्री लागल्या असतील. जखम झाकलेली नाही आणि ती नाहीशीही झालेली नाही. तिच्यावर काम झालेले आहे. तिथल्या बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या आदिवासी स्त्रियांसाठी क्रिस्टी बेलकोर्ट या मेटी, म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या, कलावतीने २०१२ मध्ये आवाहन केले तेव्हाही हेच झाले. हरणाच्या कातड्याच्या चपलेचा फक्त वरचा, मणी भरलेला भाग तिने मागितला, आणि १,७०० हून अधिक जोड आले. तळवे कोणी शिवले नाहीत. ज्या बाईचे चालणे अर्ध्यात थांबले तिची चप्पलही अर्धीच.

अगावा नावाच्या कड्यावर, याच सरोवराच्या काठी, गेरूने काढलेली जुनी चित्रे आहेत. त्यांत मिशिपेशू हा शिंगवाला जलव्याघ्र आहे. ते पाहताना मला आपल्या रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पे आठवली. कशेळीच्या सड्यावरचा तो प्रचंड हत्ती कोणासाठी कोरला हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. दगड टिकला आणि वाचणारा गेला. अगावाच्या चित्रापुढे मात्र आजही लोक तंबाखूची चिमूट ठेवतात, कारण मिशिपेशू त्यांच्यासाठी अजून पाण्यात आहे. संवर्धनाच्या सभांत आपण ज्याला वारसा म्हणतो तो बहुधा हत्तीसारखा असतो. मी अशा सभांना गेलेली आहे, चहा प्यालेली आहे, कला जगली पाहिजे या ठरावावर सही केलेली आहे.

आता माझी गोष्ट, जी टाळता येणार नाही. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात पूर्वेकडच्या पाड्यावरचा एक वारली मुलगा होता. एलिमेंटरी परीक्षेची तयारी चालू होती. स्मरणचित्राला विषय दिला होता लग्नाचे घर. त्याने दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणसे काढली, मध्ये चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात ती चौकोनी नक्षी, काढला, बाहेर तारपा. मी लाल पेन्सिलीने त्याच्या माणसांच्या दंडांवर मांस काढून दाखवले. परीक्षेत हे चालत नाही, मनुष्याकृती प्रमाणबद्ध हवी, असे म्हणाले. ते खरेही होते, परीक्षेत चालले नसते. मी चौकावरही फुली मारली, कारण चित्रात चित्र नको. त्याने सगळे खोडून माझ्यासारखे काढले, परीक्षेला बसला, सी श्रेणी मिळाली, आणि आठवीनंतर मी त्याला कागदावर काही काढताना पाहिले नाही. गंमत अशी की याच काळात आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर कोणा रंगाऱ्याकडून वारली नक्षी काढून घेतली होती आणि पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवण्याचे काम माझ्याकडे होते.

शाळेपासून फार दूर नसलेल्या गंजाडला वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे राहत होते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणे सोडले आणि ते धुळीत चित्रे काढूनच सांगत, असे त्यांच्याविषयी सांगतात. लग्नाचा चौक हे सवाशिणींचे काम. लग्न लावणारी धवलेरी गाते, बायका तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर पालघट देवी आणतात, आणि तोवर लग्न पुढे सरकत नाही. म्हशे पुरुष असून रोज काढू लागले, लग्न असो वा नसो. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी त्यांच्यापर्यंत कागद पोचवला आणि पुढचे सर्वांना माहीत आहे. २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये ते गेले. थंडर बेहून परतल्यावर मी १९८९ च्या पॅरिसमधल्या एका गाजलेल्या प्रदर्शनाची यादी वाचत होते, पृथ्वीचे जादूगार अशा अर्थाचे नाव असलेल्या, आणि त्या एकाच यादीत मला नॉर्व्हल मॉरिसो आणि जिव्या सोमा म्हशे अशी दोन्ही नावे सापडली. दोघांनीही विधीतली रेषा विधीबाहेर आणली होती. फरक इतकाच की तिकडे त्यावरून जाणत्यांचे भांडण झाले ते लिहून ठेवले गेले आहे, आणि इकडे पाड्यावरच्या बायकांना काय वाटले होते हे त्यांना विचारायचे माझ्यासारख्या शेजारणीला कधी सुचले नाही.

या फेब्रुवारीत तो विद्यार्थी बाजारात भेटला. आता तो नळजोडणीची कामे करतो, दोन माणसे हाताखाली आहेत. "बाई, पुतणीचे लगीन आहे, या," म्हणाला. मी गेले. घर सिमेंटचे होते, पण एका भिंतीवर शेणाचा हात देऊन त्यावर गेरू घेतला होता. दाराशी बसून मी आत पाहत होते. तीन बायका काम करत होत्या, त्यांतली सर्वांत तरुण त्याची बायको. बांबूच्या काडीचे टोक दाताने चावून कुंचला केलेला, पितळीच्या वाटीत पातळ पीठ. चौकटीची बाहेरची नक्षी आधी, मग आतली. मध्यभाग बराच वेळ रिकामा ठेवला होता. एका कोपऱ्यात नक्षीची एक ओळ थोडी तिरकी गेली. माझे बोट उगाच हलले. त्या बाईने ती पाहिली, पुसली नाही, पुढची ओळ तिच्याच कलाने नेली.

मी विधवा, माझ्या हातात काडी येणे शक्य नव्हते आणि कोणी देऊ केलीही नाही. त्याचे मला वाईट वाटले नाही, हे मी जरा आश्चर्याने नोंदवून ठेवते. तो माझ्याशेजारी येऊन बसला. मी त्याला त्या स्मरणचित्राची आठवण करून दिली. तो हसला. "तुम्ही फुली मारलेली ना," म्हणाला, "घरी आयेला दाखवली, ती म्हणाली, बरे झाले, चौक पोरांनी कागदावर काढायचा नसतो." पंचवीस वर्षे मी एका चुकीचे ओझे वाहत आले होते, आणि त्याच्या आईच्या हिशेबात चूक वेगळ्याच ठिकाणी होती. दंडांवर काढलेल्या मांसाबद्दल मात्र तो काही बोलला नाही.

आतून गाणे सुरू झाले. मध्यभागी आता पहिली रेघ पडणार होती. मी पिशवीतून फोन काढला आणि त्याला विचारले, एक फोटो घेऊ का. तो म्हणाला, "थांबा, आत विचारून येतो," आणि उठून गेला. गाणे चालूच होते. तो परत येईना. थोड्या वेळाने मी फोन पिशवीत ठेवला आणि पिशवीची चेन लावली.